गोमाचा दोर कोण धरणार?

एक होता कडा.

हो, कडाच. राजा येईल मागाहून, त्याला कसली घाई आहे? राजा म्हटलं की तुमचे कान लगेच टवकारतात. आमच्याकडे आधी कडा, मग राजा. दिन्या, पाय आत घे. वच्छे, त्याला ढोसू नकोस. हां, असं.

तर एक होता कडा. केवढा? मान वर करून बघायला गेलं तर डोक्यावरचं मुंडासं मागे पडेल, एवढा. काळा कातळ, सरळसोट. आणि त्या कातळाला आग्या माश्यांची मोहोळं लटकलेली, ही एवढाली, सुपासारखी. कड्याच्या पायथ्याशी आग्याची वाडी. माझं माहेर ते. माहेराबद्दल बोलायला लागले की तुमचे आजोबा गालात हसायचे, पण मी कशाला लाजू? असली माणसं दुसऱ्या कुठल्या गावात झाली नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवते. मग ऐका.

वाडीतली माणसं कड्यावरून मध काढायची. कशी? अंबाडीचा जाड दोर कमरेला बांधायचा आणि कड्याच्या माथ्यावरून खाली उतरायचं. एका हातात धुमसती चूड, खांद्याला सुका भोपळा मध भरायला, कमरेला कोयता. खाली बघितलं तर झाडं कोथिंबिरीच्या जुडीएवढी दिसायची. आणि वर दोर धरून एक माणूस उभा. झाडाला दोर बांधायचा नाही बरं का. कधी ढील द्यायची आणि कधी ओढायचं, ते झाडाला काय कळतंय? माणूसच हवा.

मग दोर कोणी धरायचा? वाडीची रीत होती, दोर मेहुण्यानं धरायचा. बायकोच्या भावानं. सख्ख्या भावानं नाही हं! भावाभावांत बांधावरून भांडणं होतात, एखाद्या वेळी रागाच्या भरात हात सैल पडायचा. पण मेहुणा सोडणार नाही. सोडला तर त्याच्याच बहिणीचं कुंकू पुसलं जाईल. शहाण्या माणसांनी घालून दिलेली रीत, तिला मी नावं ठेवणार नाही.

आणखी एक. दोर हातात असला की तोंडाला कुलूप. वरच्यानंही बोलायचं नाही आणि खालच्यानंही ओरडायचं नाही. आवाज झाला की आग्या माश्या उठतात आणि मग जीव घेतात. मग बोलायचं कसं? दोरानं. खालच्यानं एक हिसका दिला की ढील दे, एक वाव. वाव म्हणजे दोन्ही हात असे पसरले की होतं ना, तेवढं. दोन हिसके म्हणजे थांब. तीन हिसके म्हणजे वर घे. बस्स, एवढीच भाषा. एक, दोन, तीन. लक्षात ठेवा, पुढे मी परत सांगणार नाही.

तर त्या वाडीत गोमा नावाचा एक गडी होता. अंगानं काटक, पाय माकडासारखे. पण बिचारा एकदाही कड्यावरून उतरला नव्हता. का? त्याला मेहुणाच नव्हता! बायको सगुणा, ती पाच बहिणींतली मधली. पाची पोरीच. लोक चेष्टा करायचे, म्हणायचे, "गोमा, सासऱ्याला सांग, अजून वेळ गेली नाही." गोमा हसण्यावारी न्यायचा. घरी येऊन मात्र गप्प बसायचा. बाप मध काढायचा, आजा मध काढायचा आणि हा बसला खाली भोपळे वाळवत.

गोमाचा एक दोस्त होता, येसा. येसा दोर वळायचा. वाडीच्या बाहेर चिंचेखाली त्याचं खोपट. आईबाप लहानपणीच गेले, नात्याचं कोणी नाही, लग्न नाही. तुम्ही दोर वळताना बघितलाय का कधी? कुठून बघणार! वळणारा मागे मागे चालत जातो, आणि दुसऱ्या टोकाला कोणीतरी आकडा फिरवत बसावं लागतं. तो आकडा लहानपणापासून गोमा फिरवायचा. येसा मागे मागे चालायचा, गोमा फिरवायचा. दिवस दिवस दोघं एका दोराच्या दोन टोकांना. बोलणं फार नाही. दुपारी एका फडक्यातली भाकरी दोघांत.

येसा एकदा म्हणाला, "गोमा, मी धरतो तुझा दोर."

हे पंचांच्या कानावर गेलं. पंच म्हणाले, "येड लागलंय का? येसा तुझा कोण?"

गोमा म्हणाला, "दोस्त."

"दोस्त म्हणजे कोण? त्याच्या बहिणीचं कुंकू अडकलंय? का त्याच्या घरची चूल अडकलीय? उद्या त्यानं हात सोडला, तर त्याचं काय जाणार?"

गोमालाही वाटलं, खरंच की, येसाचं काय जाणार होतं? तो मान खाली घालून घरी आला.

आता येऊ द्या तुमचा राजा.

राजाची आई आजारी पडली. अन्न जाईना, जिभेला चव नाही. राजानं पक्वान्नं केली, म्हातारीनं तोंड फिरवलं. वैद्य झाले, हकीम झाले. मग एके दिवशी म्हातारी म्हणाली, "बाळा, आग्याच्या कड्यावर थोरलं मोहोळ आहे. त्याचा मध मी लहानपणी एकदा चाटला होता. तो मिळाला तर मी जेवेन. नाही तर नाही." बघा, राजाच्या आईच्या तोंडातही आमच्याच कड्याची चव! मिरवायची गोष्ट आहे की नाही?

पण थोरलं मोहोळ म्हणजे सोपं काम नव्हतं. ते कड्याच्या पोटात, एका खबदाडीत. आणि त्याच्यावर खुद्द कड्याची राखण. कडा बोलायचा, बरं का. सगळ्यांशी नाही. जो दोराला लटकत थोरल्या मोहोळापाशी जाईल, त्याच्याशीच. कातळाला कपाळ टेकलं की आतून घुमल्यासारखा आवाज यायचा आणि तो त्या एकट्यालाच ऐकू यायचा. हसू नकोस दिन्या, तुला ऐकू आला असता तर चड्डी ओली झाली असती.

राजानं आधी आपला सरदार पाठवला. सरदार आला, मिशीला पीळ देत. म्हणाला, "मला तुमचा मेहुणा नको नि कोणी नको." त्यानं दहा शिपाई दोराला लावले आणि दरडावलं, "दोर सुटला तर दहाच्या दहा मुंडकी उडवीन!" मग उतरला. खबदाडीपाशी गेला तेव्हा कड्यानं विचारलं, "वर कोण आहे?"

सरदार म्हणाला, "माझे शिपाई. मला चळाचळा कापतात."

कडा म्हणाला, "कापतात ना? मग बघ."

खरंच, वर दहाच्या दहा जण कापत होते. सुटला तर काय होईल, सुटला तर काय होईल, या धास्तीनं हात लटलटत होते. दोर हलला, सरदार झुलला आणि धाडकन जाऊन आपटला एका मोहोळावर! मग काय विचारता. वर काढला तेव्हा नाक कुठलं नि गाल कुठला, बायकोलासुद्धा ओळखू आलं नसतं. तो तसाच पालखीत घालून परत नेला.

मग वाडीतला सगळ्यात मुरलेला गडी उतरला, धुळबा. त्याचा दोर धरला त्याच्या मेहुण्यानं, राणूनं. राणूचे हात म्हणजे पहारी. धुळबा अलगद खबदाडीपाशी गेला. कड्यानं विचारलं, "वर कोण आहे?"

"माझा मेहुणा."

"तो कशासाठी धरतोय?"

"त्याच्या बहिणीसाठी."

कडा म्हणाला, "बहिणीसाठी धरतोय. चांगलं आहे. पण तुझ्यासाठी कोण धरतंय?"

धुळबाला बोलता येईना. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. कड्यानं त्याला काही इजा केली नाही, पण मोहोळावरच्या माश्या बाजूला झाल्या नाहीत. धुळबानं तीन हिसके दिले आणि रिकामा भोपळा घेऊन वर आला. वर येऊन कड्यानं काय विचारलं ते त्यानं सगळ्यांना सांगितलं. लपवलं नाही. माझ्या माहेरच्या माणसाला फजितीसुद्धा उजळ माथ्यानं सांगता येते.

राजाचा निरोप आला, उद्यापर्यंत मध आला नाही तर मी स्वतः येतो. आई तिकडे पाण्यावर आलीय. वाडीत कोणी पुढे होईना. कोणाकडे विचारा, मेहुणा आहे. पण "तुझ्यासाठी कोण धरतंय" याला उत्तर नाही.

सगुणा चुलीपुढे बसली होती. ती गोमाला म्हणाली, "तुमच्याकडे उत्तर आहे. जा की."

गोमा म्हणाला, "आणि पडलो तर? तुझं काय?"

सगुणा म्हणाली, "मी येसाला भाकरी वाढलीय दहा वर्षं. माणूस कसा जेवतो त्यावरून कळतं मला. जा."

मग दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात गोमा आणि येसा कड्यावर चढले. मागून सगळी वाडी. पंचही आले, त्यांच्याकडे दुसरा उपाय नव्हता. येसानं स्वतः वळलेला दोर आणला होता, वीस वावांचा. गोमानं एक टोक कमरेला बांधलं. दुसरं टोक येसाच्या हातात दिलं. म्हणाला, "धर." येसानं धरलं. झालं. एवढंच.

गोमा उतरला. एक हिसका, एक वाव. एक हिसका, एक वाव. पहिल्यांदाच उतरत होता, पण पाय असे पडत होते, जसं काही रोजचंच काम! वरून धुळबा बघत होता, तोसुद्धा मान डोलवायला लागला. खबदाडीच्या वरच्या कडेला गोमानं दोन हिसके दिले आणि थांबला. थोरलं मोहोळ समोर दिसत होतं. त्यानं कातळाला कपाळ टेकलं.

"वर कोण आहे?"

गोमा पुटपुटला, "येसा."

"तुझा कोण?"

"दोस्त."

"त्याचं काय अडकलंय तुझ्यात?"

"काही नाही."

"मग तो का धरील?"

गोमा म्हणाला, "मला काय माहीत? तो वर आहे, त्यालाच विचार."

असं उत्तर कड्याला आजवर कोणी दिलं नव्हतं.

आणि नेमका तेव्हाच वर राजा आला! पालखी, शिपाई, ढालतलवार. बघतो तर काय, कड्याच्या टोकाला फाटक्या बंडीतला एक माणूस दोर धरून उभा. राजानं विचारलं, "हा कोण? उतरलेल्याचा मेहुणा का?" कोणीतरी हळूच सांगितलं, "नाही महाराज. दोस्त."

राजाचं टाळकं सरकलं. हा राजा कसा होता, माहीत आहे? कोणावर म्हणून त्याचा भरवसा नव्हता. उशाखाली तलवार घेऊन झोपायचा. तो म्हणाला, "दोस्त? माझ्या आईचा जीव मी एका दोस्ताच्या मुठीत टांगू? दे तो दोर माझ्या शिपायांकडे!"

येसा गप्प. दोर हातात असला की बोलायचं नाही ना!

राजा म्हणाला, "अरे, तुला वाडा देतो. दे इकडे."

येसा गप्प. वळूनसुद्धा बघेना. त्याचं सगळं ध्यान त्याच्या दोन मुठींत.

मग राजानं तलवार उपसली, येसाच्या मानेवर टेकवली आणि ओरडला, "सोड म्हणतो ना! सोड दोर! सोड!"

वाडीतल्या माणसांच्या तोंडचं पाणीच पळालं. राजाला कड्याची रीत कुठली माहीत? पंच हात जोडून खुणेनं सांगतायत, महाराज, ओरडू नका, ओरडू नका. पण राजेच ते. आणि कड्यात आवाज कसा घुमतो! खाली गोमाला ऐकू आलं, सोड... सोड... सोड...

त्याला वाटलं, राजाच आलाय आणि येसाला सांगतोय मला टाकायला. आणि येसाचा तर आवाजच नाही! नाही म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. पंचांचं बोलणं त्याच्या कानात वाजायला लागलं. त्यानं हात सोडला तर त्याचं काय जाणार? काय जाणार?

आता चूक बघा. आमच्याच माणसाकडून व्हावी अशी चूक. गोमाला वाटलं, येसा आहे का वर, बघू तरी. आणि बघायला म्हणून त्यानं दोर ओढला. किती वेळा?

एकदा.

अरे येड्या! एक हिसका म्हणजे काय? वच्छे, बरोबर, ढील! जन्मापासून पाठ असलेली गोष्ट, पण डोक्यात भीती शिरली की पाठ केलेलंही पळून जातं. वर येसाच्या हाताला हिसका लागला आणि त्यानं ढील दिली. गोमा सर्रकन खाली! मेलो! सोडला यानं! घाबरून त्यानं परत ओढला. एकदाच. परत ढील. परत खाली. कोयता निसटून दरीत गेला, त्याचा आवाजसुद्धा आला नाही.

आणि तेवढ्यात माश्या उठल्या. राजाच्या ओरडण्यानं. काळा ढग उठावा तसा थवा कड्यावर आला. शिपाई ढाली टाकून पळाले. राजा पालखीत घुसला आणि पडदे अंगाभोवती गुंडाळून मुरकुंडी मारून बसला. मिशा आत, पाय बाहेर! वाडीची माणसं शहाणी, घोंगड्या ओढून जमिनीला चिकटली. उभा राहिला एकटा येसा. माश्या त्याच्या तोंडावर, मानेवर, कानांत. हाकलायला हात नाही, दोन्ही हात दोरात. ओरडायची सोय नाही. ढील देता देता दोर संपत आलेला, हातांची सालं निघून रक्तानं दोर निसटायला लागलेला.

मग येसानं काय करावं? उरलेलं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळलं आणि गाठ मारली. असं कोणी करत नसतं. रीतच आहे, धरणाऱ्यानं स्वतःला बांधायचं नाही. खालचा पडला तर वरचाही जातो. येसाला हे माहीत नव्हतं? दोर वळणारा माणूस तो! माहीत असून मारली गाठ. टाच एका दगडाला लावली आणि राहिला उभा.

सगुणा घोंगडीतून बघत होती. तिनं ती गाठ बघितली. ती उठली. भर माश्यांत उठली बरं का! सरपटत गेली आणि आपली घोंगडी येसाच्या डोक्यावरून पांघरली. आणि त्याच्या पायाशी, टाचेखालच्या दगडाला पाठ टेकून बसली, त्याची टाच घसरू नये म्हणून. अशा बायका आमच्या वाडीच्या. राजाच्या दहा शिपायांना जमलं नाही ते एका सगुणेनं केलं.

खाली गोमानं तिसऱ्यांदा दोराला हात घातला. ओढणार, तेवढ्यात त्याच्या मनात आलं. थांब. पहिल्यांदा मी किती खाली आलो? एक वाव. दुसऱ्यांदा? एक वाव. ना वीतभर कमी, ना वीतभर जास्त. ज्याला सोडायचं तो असा मोजून सोडतो होय? एकदम सोडील ना! हा तर देतोय. मी मागतोय आणि हा देतोय.

मग त्याच्या सगळं ध्यानात आलं. वर काय चाललंय कोण जाणे, पण येसाचं सगळं चित्त दोरावर आहे. राजाचं बोलणं त्याच्या कानात शिरलंच नाही, शिरला तो गोमाचा हिसका. मला खाली कोणी पाडत नव्हतं. मीच माझ्या हातानं पडत होतो.

गोमाला रडू आलं. लटकल्या लटकल्या रडला. लाज वाटली त्याला, भारी लाज वाटली. मग त्यानं दोरावरचे दोन्ही हात काढले. दोन्ही! आणि कातळाला कपाळ टेकलं.

कड्यानं विचारलं, "आता सांग, तो तुझा कोण?"

गोमा म्हणाला, "ते राहू दे. मी त्याचा कोण, ते विचार. त्यानं धरून ठेवलं आणि मी ओढून बघितलं. मध नाही दिलास तरी चालेल, पण मला वर जाऊन त्याला हे सांगू दे."

आणि थोरल्या मोहोळावरच्या माश्या बाजूला झाल्या, पडदा सरकावा तशा. कोयता तर नव्हताच. पण मोहोळाचं खालचं टोक आता हाताशी होतं, गोमानं हातानंच पोळं मोडलं. लालसर, दाट मध भोपळ्यात गळला. भोपळा भरला आणि मग गोमानं हिसके दिले. एक. दोन. तीन.

येसानं ओढलं. डोळे सुजून मिटलेले, काही दिसत नव्हतं त्याला. सगुणेनं कडेला बसून गोमाचा हात धरला आणि वर घेतलं. तोपर्यंत माश्या परत आपल्या जागी गेल्या होत्या. राजा पालखीतून बाहेर आला. आला आणि त्यानं ती गाठ बघितली. येसाच्या कमरेची. त्याची तलवार आपोआप म्यानात गेली.

राजा म्हणाला, "मी तुला वाडा देत होतो, मान कापत होतो. तू एक शब्द बोलला नाहीस."

आता हातात दोर नव्हता, तेव्हा येसा बोलला. "दोर हातात असला की बोलत नाहीत, महाराज."

"पण तो तुझ्या नात्याचा नाही, गोत्याचा नाही. का धरलास?"

सगळी वाडी कान देऊन उभी राहिली. पंचसुद्धा. आता येसा काहीतरी मोठं बोलेल, असं सगळ्यांना वाटलं. येसा सुजलेलं तोंड पुसत म्हणाला, "त्यानं धरायला दिला होता."

मग राजानं काय केलं माहीत आहे? मान लववली. फाटक्या बंडीपुढे राजानं मान लववली आणि ती माझ्या माहेरी लववली! तुमच्या आजोबांना मी हे शंभर वेळा ऐकवलंय. मग तो स्वतः भोपळा घेऊन घरी गेला. म्हातारीनं मध चाटला, डोळे मिटले, परत चाटला आणि म्हणाली, "वाढा." पोटभर जेवली. पुढे बरीच वर्षं जगली आणि सुनांना भंडावून सोडलं.

पण आपली गोष्ट तिथे नाही, कड्यावर आहे. राजा गेल्यावर गोमा येसापुढे बसला. म्हणाला, "येसा, शेवटी दोनदा ओढला ना, तेव्हा मला ढील नको होती. मला वाटलं, तू सोडतोयस. मी तुला चाचपत होतो."

येसा म्हणाला, "कळलं होतं मला. तू खबदाडीपाशी थांबला होतास, तिथून खाली काय आहे? कशाला मागशील ढील?"

"कळलं होतं तर दिलीस कशाला?"

"मी वर होतो. खालचं मला काय दिसतंय? मला नुसतं वाटत होतं. पण मागत तू होतास. माझ्या वाटण्यावर चालू, का तुझ्या हातावर?"

ऐकलंत? आपण म्हणतो, लटकणाऱ्यानं धरणाऱ्यावर भरवसा ठेवायचा. आणि धरणारा? त्याला तर खालचं काहीच दिसत नाही. त्यानं गोमावर किती ठेवला असेल, याचा हिशोब ना पंचांनी केला होता, ना कड्यानं विचारला होता. पंचांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, आजपासून आपल्या वाडीत दोर मेहुण्यानं धरावा किंवा दोस्तानं. आणि वाडीत अजूनही जिवाभावाच्या दोस्ताला "माझा दोरकरी" म्हणतात. तुमच्या शहरात आहे का असा शब्द? नाही ना? मग!

गोमा मात्र मनातून खचला होता. पुढचा हंगाम आला. येसा त्याच्या दारात आला आणि म्हणाला, "औंदा मी उतरतो. मला बघायचंय थोरलं मोहोळ."

गोमा म्हणाला, "धुळबाला सांग दोर धरायला. राणूला सांग. मला नको सांगूस. माझा हात भरवशाचा नाही, तुला ठाऊक आहे."

येसानं वाद घातला नाही. कड्यावर गेला, दोर कमरेला बांधला. दुसरं टोक आणून गोमाच्या हातात ठेवलं. म्हणाला, "धर." आणि उतरायला लागला.

खाली लटकलेला बरा, असं गोमाला झालं. कड्याच्या कडेपलीकडे काही दिसत नाही, नुसता दोर ताणलेला आणि त्याच्या टोकाला येसा. एक हिसका, गोमानं एक वाव दिली. एक हिसका, एक वाव. दोन हिसके, थांबला. मग खूप वेळ काहीच नाही. हिसका नाही, काही नाही. गोमाला वाटलं, आता हा मला चाचपणार. चाचपू दे, मी तसाच आहे. पण नाही. दोर शांत. मग एक, दोन, तीन. गोमानं ओढला, येसा वर आला, भोपळा भरलेला.

गोमानं विचारलं, "येसा, भ्याला नाहीस?"

येसा म्हणाला, "भ्यालो की! मधेच वाटलं, गोमा आहे का वर, बघावं. पण बघायला म्हणून ओढला असता तर तू ढील दिली असतीस ना रे येड्या!"

आणि दोघं असे हसले, असे हसले, की पंचांना मागून खुणा कराव्या लागल्या, अरे गप्प बसा, माश्या उठतील!

मग ते दोघं पुष्कळ वर्षं मध काढत राहिले, आळीपाळीनं. सगुणा दोघांना भाकरी वाढत राहिली. वाडी सुखात राहिली, म्हातारी राणी सुखात राहिली, सरदाराचं नाकसुद्धा जागेवर आलं. संपली गोष्ट. काय रे दिन्या, झोपलास? वच्छे, त्याचं पांघरूण सरकलंय, जरा ओढ. हळू. आणि आता तूही मिट डोळे. मी आहे इथेच.